उठवायचं बटण

प्रिय पप्पा,

आज विद्यापीठाचा निकाल लागला. मोबाइल ॲपच्या कोर्समध्ये मी पास झाले, तेही चांगल्या गुणांनी. आई आतल्या खोलीत दुपारची झोपली आहे, आणि आपल्या घरात झोपलेल्या माणसाला उठवायची सवय कुणालाच नाही. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे.

ही सवय तुमच्या नाइट शिफ्टने लावली. सकाळी तुम्ही सालवडच्या नाक्यावर कंपनीच्या बसमधून उतरायचात, अंघोळ करून आडवे व्हायचात, आणि मग आमचं कुजबुजणं सुरू व्हायचं. आई कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद करायची. घिवलीहून आत्या सुकट घेऊन आली की तिलाही आम्ही दारातच खुणेनं गप्प करायचो. मासळीबाजारात तयार झालेला तिचा आवाज, तो दाबायचा तरी कसा? ती वैतागायची. "भाऊ घरात हाय का नाय? मंग बोलाचं कोनाशी?"

कोर्समध्ये पहिलं ॲप बनवायला सांगितलं, तेव्हा मला दुसरं काय सुचणार होतं? तुमच्या शिफ्टा एकदा भरल्या की फोनचा पडदा आपोआप रंग बदलायचा. लाल म्हणजे पप्पा झोपलेत, हिरवा म्हणजे उठलेत. आईच्या आणि माझ्या फोनमध्ये टाकलं. शेजारच्या भाभींनीही मागून घेतलं, त्यांच्या घरीही शिफ्टच. "अब बच्चों को डाँटना नहीं पड़ेगा," म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला होता.

तुम्ही मात्र चष्मा लावून बराच वेळ बघत राहिलात. "झोपलो ते कळतंय, उठलो ते कळतंय. पन मला उठवाचं बटन कुठं हाय?"

मी हसले. तुम्हाला कोण कशाला उठवेल?

"तू उठव. काय दाखवाचं असंल, सांगाचं असंल, तर उठव ना. झोप काय, मागनं पन घेता येल."

पुढच्या वेळी टाकते, म्हटलं. आणि राहून गेलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आला. पालघरच्या अभ्यास केंद्रात कोर्सच्या मॅडमनी माझं ॲप मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवलं. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं होतं. धावतच घरी आले, आणि दारात फोन बघितला. लाल. चपला हातात घेऊन आत आले. दाराच्या फटीतून तुमची पाठ दिसली. मी हाक मारली नाही. बाहेर बसून संध्याकाळची वाट बघत राहिले.

संध्याकाळी पडदा हिरवा झाला. तुम्ही उठला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असावेत, झोपेतच. हाका मारून उपयोग झाला नसता, हे आई मला पुन्हा पुन्हा समजावते. मला ते पटतं. पण पप्पा, आदल्या संध्याकाळी छाती चोळत "ॲसिडिटी हाय" म्हणालात आणि डबा घेऊन निघालात, ते का? आम्हाला तुमच्या झोपेची एवढी काळजी, तुम्हाला तुमची जराही नव्हती? याचा राग अजून जात नाही.

आणि माझी हाक. ती तुम्हाला वाचवायला नव्हतीच. मला फक्त सांगायचं होतं की तुमच्या मुलीचं ॲप सगळ्यांना आवडलं. ते सांगायला मी परवानगीची वाट बघत बसले, तीही मीच बनवलेल्या ॲपच्या.

शेवटच्या प्रोजेक्टमध्ये मी ते बटण टाकलं. पडदा लाल असला की खाली येतं, मोठ्या अक्षरांत, 'उठवा'. मॅडमनी विचारलं, शांतता राखायच्या ॲपमध्ये हे कशाला? मी म्हटलं, वडिलांची सूचना होती.

आईच्या फोनमध्ये तुमच्या शिफ्टा अजून फिरत आहेत. ती काढू देत नाही. पडदा लाल असला की आजही शिट्टीच्या आधी गॅस बंद करते.

पण पप्पा, एवढा शब्द देते. यापुढे मला कुणाला काही सांगायचं असेल, तर मी त्याच्या उठण्याची वाट बघणार नाही. आता हे पत्र ठेवते आणि निकाल सांगायला आईला उठवते.

तुमचीच,
मनीषा