गारांनी वाजलेलं पोलादी घर

यंगस्टाउन, ओहायो
जून १९४९

प्रिय वेरोना,

तू पाठवलेली संत्री पोचली आणि दोन दिवसांत संपलीसुद्धा, कारण माझ्याकडं सध्या पाहुण्यांची रीघ लागली आहे. माणसं मला नव्हे, माझ्या भिंतींना भेटायला येतात. आत पाऊल टाकलं की आधी बोटानं टकटक करून बघतात. हो, घेतलंच मी ते घर! मासिकातलं चित्र कापून तुला पाठवलं होतं ना, तेच. भिंती पोलादाच्या, छप्पर पोलादाचं, कपाटं नि दारंही पोलादाची, आणि सगळ्यावर आपल्या कॉफीच्या मगांना असतो तसा एनॅमलचा मुलामा. रंग फिकट पिवळा, लोण्यासारखा. टेकडीवरचं घर स्टेफानला आणि सूनबाईला दिलं, युद्धात कारखान्यात क्रेन चालवून जमवलेले सरकारी बाँड मोडले, आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीच्या घरात शिरले.

अख्खं घर एका ट्रकवर आलं. गल्लीत जत्राच भरली. पाळी संपवून आलेले पोलाद कारखान्यातले लोक डबे हातात घेऊन तसेच उभे राहिले. समोरचा म्हातारा कुबाला आठवतो ना? तुझ्या भावाबरोबर, माझ्या मातूशबरोबर, भट्टीवर होता तो. त्यानं एकेका पत्र्याला कान लावला आणि ओरडला, "तेरेझका, एवढं मोठं पातेलं आणलंस, झाकण कुठं विसरलीस?" सगळे हसले, मीही हसले. पण वेरोना, मनात एक वेगळंच चाललं होतं. आपण लहानपणापासून इथलं पोलाद आगगाडीत भरून जाताना बघितलं. ते कुठल्याकुठल्या पुलांना गेलं, मोटारींना गेलं, तुमच्या कॅलिफोर्नियातल्या फळांच्या डब्यांना गेलं. मातूश म्हणायचा, मी बनवलेलं मला कधी दिसतच नाही. आता बघ, ते घर होऊन आमच्या गल्लीत परत आलं. तो असता तर त्या पत्र्यांवरून हात फिरवत संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राहिला असता.

आणि स्वच्छता म्हणशील तर काय सांगू! दर वसंतात आपण दोघी कणकेचे गोळे घेऊन भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसत बसायचो, दुपारपर्यंत गोळे काळे आणि आपणही काळ्या. आता ओलं फडकं फिरवलं की झालं. चिमण्यांचा धूर अजून तेवढाच येतो, आणि येवोच, धूर थांबला तर गाव काय खाणार? पण माझ्या भिंतीवर तो मुक्कामाला राहत नाही. वाचलेल्या वेळात मी पडवीत खुर्ची टाकून बसते, आणि कुबालाशी भांडते.

घर जोडायला जी माणसं आली होती त्यांचा मुकादम एम्रिस पॉवेल. वेल्श माणूस, बाप खाणीत होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पाना फिरवताना गातो. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे पुन्हा वाळत घालायला बाहेर यायच्या. घर उभं राहिलं, त्याची माणसं दुसऱ्या कामावर गेली, पण तो अधूनमधून येतच राहिला. कधी दार नीट सरकतंय का बघायला, कधी बोल्ट सैल झालेत का बघायला. कुबाला पडवीतून म्हणायचा, "अरे, एवढे बोल्ट पुलालासुद्धा नसतात!" एम्रिस लाल व्हायचा आणि उगाचच आणखी एक बोल्ट आवळायचा.

एकदा तो आला तेव्हा मी हातोडा घेऊन रडकुंडीला आले होते. मातूशचा फोटो लावायचा होता आणि त्या भिंतीत खिळा जाईल तर शपथ. "अहो बाई, थांबा, भिंत फुटायच्या आधी तुमचं बोट फुटेल," म्हणत त्यानं हातोडा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो लोहचुंबक घेऊन आला. तीन वेळा मागं जाऊन, डोकं तिरकं करून बघत त्यानं फोटो सरळ लावला. मग म्हणाला, "हे कुणाकडं बघून एवढे हसतायत?" मी सांगितलं, फोटो काढणाऱ्याच्या मागं त्यांची बहीण, म्हणजे तूच, माकडासारखी तोंडं करत होती. तो पोट धरून हसला, आणि खुर्ची ओढून म्हणाला, "सांगा की त्यांच्याबद्दल." वेरोना, मातूश गेल्यावर सगळे माझ्यासमोर त्याचं नाव टाळत आले. मला रडू येईल म्हणून. या माणसानं विचारलं, आणि मी बोलतच सुटले. मातूश नदीत बूट हरवून अनवाणी आमच्या लग्नाला आला होता, तेही सांगितलं. मला रडू आलं नाही. भूक लागली. आम्ही दोघांनी मिळून कोबीचं अख्खं पातेलं संपवलं.

मग गेल्या आठवड्यात भर दुपारी गारा आल्या. पोलादी छपराखाली गारा म्हणजे काय, ते कुणी मला सांगितलं नव्हतं! शंभर ढोल डोक्यावर. एम्रिस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काहीतरी बोलत होता. मी ओरडले, "काऽय?" त्यानं पुन्हा ओरडून सांगितलं. मला वाटलं छपराबद्दल बोलतोय, म्हणून मी म्हटलं, "गळत नाहीये हो!" त्यानं डोक्याला हात लावला, छाती भरून श्वास घेतला आणि जीव तोडून ओरडला. नेमक्या त्याच क्षणी गारा थांबल्या. "माझ्याशी लग्न करशील काऽऽ?" हे वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मग समोरून कुबालाचा आवाज आला, "हो म्हण गं बाई, नाहीतर पुन्हा ओरडेल तो!" मी एवढी हसले की मला भिंतीला टेकावं लागलं. एम्रिसही हसायला लागला. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, मला आधी एक पत्र लिहू दे.

ते हे पत्र. त्याला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं तुलाही एव्हाना कळलं असेल. अडलंय ते तुझ्यापाशी. मातूश तुझा भाऊ, तुझ्यामुळंच तो मला भेटला, आणि त्याच्यामुळं तू माझी नणंद झालीस. दुसऱ्याचं नाव लावल्यावर मी तुझी कोण राहीन, हे मला कुठल्याही फादरला विचारायचं नाही, तुलाच विचारायचं आहे. लग्न ऑगस्टमध्ये करावं असा विचार आहे. पाहुण्यांसाठी एक खोली आहे, तिचं कपाट मी रिकामंच ठेवलं आहे. माझ्या शेजारी तू उभी राहिलीस तर मी ताठ मानेनं चर्चमध्ये जाईन. आणि फोटो काढणाऱ्याच्या मागंही कुणीतरी लागेलच ना.

तुझीच, आणि तू म्हणशील तोवर तुझी वहिनी,
तेरेझका