बत्तिसाव्या पानानंतरचा इंजिनिअर

७ जानेवारी, रविवार
अखेर वाचकमंडळात खुर्ची मिळाली! मंडळ भरतं दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. तिथे चार-चार अशा समोरासमोर आठ खुर्च्या जमिनीत बोल्ट मारून बसवल्या आहेत, म्हणून सभासदही आठच. एक गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि माझा नंबर लागला. वेटिंगवर माझ्या मागोमाग माझा सख्खा मेहुणा आहे. तो खरोखर वाचतो. असो.

पद्धत साधी. दर रविवारी पाच वाजता हातातलं पुस्तक खूण घालून मधल्या टेबलावर ठेवायचं. मग हेडबाई (निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेतलाच) एकेकाला विचारतात, सध्या काय वाचताय? आणि बाकीचे सगळे गप्प बसून ऐकतात. गप्प बसून! मी इतकी वर्षं शोरूममध्ये नळ विकतोय. मला लोक एकच प्रश्न विचारतात, हा गळणार नाही ना?

नियम दोन. जो वाचत नाही त्याने खुर्ची सोडायची. आणि एक पुस्तक फार तर दोन महिने ठेवायचं, मग ज्याने मागितलं असेल त्याला द्यायचं.

मी एक जाडजूड जुनी कादंबरी टेबलावर ठेवली. काल जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली, वजनावरून पसंत केली. ठेवताना टेबल हललं. डेंटिस्ट म्हणाले, वा!

संकल्प: रोज वीस पानं. चहाच्या आधी.

९ जानेवारी, मंगळवार
चहा आधी झाला. एकूण पानं अकरा. एक इंजिनिअर पूल बांधायला एका गावी आलेला आहे आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून नदी बघतोय. त्याच्या खुर्चीचं वर्णन चार पानं. खुर्ची वेताची आहे.

हिने धूळ पुसताना पुस्तक उचललं आणि म्हणाली, अहो, याची पानं कापायची राहिलीत, सुरी आणू का? मी म्हटलं, पुस्तक ही वाचायची वस्तू आहे, कापायची नव्हे. म्हणाली, बरं. वाचन म्हणजे काय हे हिला समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

१४ जानेवारी, रविवार
माझी पाळी आली. म्हटलं, इंजिनिअर आहे, एकटा आहे, नदी बघत बसतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. पुढे काय बोलावं सुचेना म्हणून थांबलो. सगळे गप्प. सिस्टर (निवृत्त नर्स, माझ्या समोरच्या खुर्चीत) म्हणाल्या, बिचारा हो. तुमचं झालं की हे पुस्तक मला.

घरी शीळ घालत आलो.

१८ जानेवारी, गुरुवार
पान बत्तीस. इंजिनिअर अजून व्हरांड्यात. या लेखकाला कोणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा रे, उठव त्याला.

घरी वाचायला बसलो की डोळे मिटतात. दोष माझा नाही, घरातल्या उजेडाचा आहे. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत शोरूममधल्या डिस्प्लेच्या बाथटबमध्ये बसून वाचायला घेतलं. जाग आली तेव्हा एक गिऱ्हाईक आमच्या मालकांना विचारत होतं, टबाबरोबर हा माणूसही मिळतो का? मालक रागावले. वाचणाऱ्या माणसाला जग सुखाने जगू देत नाही.

२१ जानेवारी, रविवार
पान बत्तीसच. पण खूण बरीच पुढे सरकवून नेली होती. वाचन काही पानांच्या हिशोबात मोजायचं नसतं, पण लोकांना खूण दिसते.

हेडबाईंनी विचारलं, काय म्हणतोय तुमचा इंजिनिअर? मी सांगणार होतो की तो बसलाय. पण सिस्टर पुढे वाकून बघत होत्या. डेंटिस्टनी चष्मा काढला होता. मी म्हटलं, तो उठला! उठला आणि नदीकडे निघाला, वाटेत त्याला तारघरात काम करणारी एक बाई भेटली.

बाई कुठून आली, देव जाणे. पण आता आली आहे.

हे खोटं नव्हे. कादंबरी एवढी जाड आहे की तिच्यात एखादी बाई असणारच. मी फक्त थोडं आधी सांगितलं.

२८ जानेवारी, रविवार
इंजिनिअरचं लग्न झालं. साधेपणाने.

विमावाल्या सभासदाचं जागतिक इतिहासावरचं पुस्तक आज दोन मिनिटांत आटोपलं, कारण सगळ्यांना माझ्या पाळीची घाई. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. संकल्प: उद्या खरं वाचन, पान तेहेतिसापासून. जिथे कादंबरी माझ्याहून वेगळी निघेल तिथे हळूच जुळवून घेईन. फिटिंगमध्ये आम्ही हेच करतो. पाइप छोटा पडला तर जोड देतो.

४ फेब्रुवारी, रविवार
कंत्राटदाराने पुलाच्या कामात हलक्या प्रतीचे पाइप वापरले. पुलाला पाइप कशाला, असं डेंटिस्टनी विचारलं. मी म्हटलं, पाणी वाहून जायला. पटलं त्यांना. पूल खचला, आणि आळ इंजिनिअरवर आला. सिस्टरनी पर्समधून रुमाल काढला.

मला स्वतःलाही गलबलून आलं. माणूस निर्दोष होता हो.

११ फेब्रुवारी, रविवार
इंजिनिअर तुरुंगात. बायको रोज डबा घेऊन जाते. तिने त्याला सुनावलं, की तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना खात्री देत फिरलात आणि माझ्याशी मात्र दोन वाक्यं धड बोलला नाहीत. हेडबाई म्हणाल्या, लेखकाला बायकांचं मन कळतं.

संध्याकाळी आरशासमोर पुढच्या रविवारचा भाग बोलून बघत होतो. ही इस्त्री करता करता म्हणाली, काल आरशासमोर म्हणत होतात ते डब्याच्या वेळचं बोलणं माझं आहे. मागच्या आठवड्यात मी तुम्हाला बोलले होते, स्वयंपाकघरात. मी म्हटलं, मोठं साहित्य वाचताना सगळ्यांनाच असं वाटतं. इस्त्री जरा जोरात आपटली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
पान बत्तीस. उभं राहून वाचून पाहिलं. मोठ्याने वाचून पाहिलं. डोळ्यांना गार पाणी लावून पाहिलं. तेहेतिसावं पान समोर दिसतं, त्यावर अक्षरं आहेत, पण चौथ्या ओळीशी माझी मान पडते. विश्रामगृहाच्या पडद्यांचं वर्णन आहे. पडदे!

भीती वाटते. दोन महिने सात मार्चला भरतात, म्हणजे तीन मार्चचा रविवार शेवटचा. पुस्तक सिस्टरच्या हातात जाईल आणि त्या तारघरातली बाई शोधत बसतील.

१८ फेब्रुवारी, रविवार
अपील फेटाळलं. दोन मुलं झाली (आधीच झाली होती, सांगायचं राहिलं होतं). थोरली हुशार.

मेहुणा घरी आला होता. म्हणाला, दाजी, तुमच्या कादंबरीची सगळीकडे चर्चा आहे, मला एक दिवस द्या, बघून परत करतो. मी पुस्तकावर बसलो. खरोखर बसलो, दुसरा उपायच नव्हता. तो गेल्यावर ही म्हणाली, अहो, खरं सांगून मोकळे व्हा. मी म्हटलं, काय खरं? ती काहीच बोलली नाही. बायकोने न बोलणं म्हणजे अर्धा निकाल.

पण खरं सांगितलं की खुर्ची गेली, आणि खुर्ची मेहुण्याची. मग रविवारी पाच वाजता मी कुठे जाऊ? तिथे मी काय म्हणतो हे ऐकायला माणसं थांबतात. पन्नाशी उलटल्यावर असली जागा एकदाच मिळते. मी ती सोडणार नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
उपाय सुचले:
पुस्तक हरवलं म्हणून सांगणं. (हेडबाई पोलिसांत जातील.)
पुस्तक पाण्यात पडलं म्हणून सांगणं. शोरूममध्ये पाण्याला तोटा नाही. भिजवायला नेलंही. डेमोच्या नळाखाली धरलं आणि नळ उघडेना. मी स्वतः जाहिरात करतो तेच मॉडेल. शेवटी मालक आले आणि पुस्तक बाजूला ठेवून कामाला लागलो.
तिसरा उपाय: वाचणं.

२ मार्च, शनिवार
रजा टाकली. सकाळी सातपासून बसलो. पडदे निळे आहेत. साडेसातला झोपलो. बाराला उठून परत बसलो. ही चहा ठेवून गेली, सुरी ठेवून गेली. सुरी कशाला, विचारलं नाही. चहा गार झाला.

डोळ्यांत पाणी आलं. मला वाचता येत नाही असं नाही. शाळेत पहिल्या दहात होतो. एक पान, फक्त एक पान उलटायचं आहे आणि माझ्याच्याने ते होत नाही.

उद्या छाती काढून जाईन. शेवट सांगेन आणि पुस्तक देऊन टाकेन. सिस्टरची नजर अधू झालीय, वयही झालंय. त्यासुद्धा बत्तिसावर थांबतील. सगळेच थांबतात.

३ मार्च, रविवार
लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

शेवट उत्तम सांगितला. इंजिनिअर सुटतो, म्हातारा होतो, बायकोबरोबर नव्या पुलावरून चालतो. कुणी पूल बांधला हे कुणालाच आठवत नाही, पण बायको त्याला विचारते, आज काय काय झालं? आणि तो सांगत बसतो. विमावाल्याने टाळ्या वाजवल्या. मी पुस्तक सिस्टरच्या हातात दिलं.

सिस्टरनी पुस्तक बाजूने न्याहाळलं आणि डेंटिस्टकडे एखादी बोथट सुरी मागितली. म्हणाल्या, पानं कापायला. जुन्या बांधणीच्या पुस्तकांत म्हणे कागद दुमडून शिवतात, आणि वाचणाऱ्याने घड्या कापत कापत पुढे जायचं असतं. या पुस्तकाची पहिली बत्तीस पानं आधीच कोणीतरी कापली होती. त्यानेही तिथेच हाय खाल्ली असणार. तिथून पुढे सगळं पुस्तक बंद. तेहेतिसावं पान तेवढं घडीच्या वरच्या बाजूला, म्हणून दिसायचं. कडेने बघितलं तर आंधळ्यालाही कळावं. दर रविवारी ते टेबलाच्या मधोमध होतं. फक्त मला कळलं नाही, कारण मी तिथवर गेलोच नाही.

हेडबाई म्हणाल्या, आम्हाला तिसऱ्याच रविवारी दिसलं होतं. वाटलं, आज ना उद्या स्वतःहून सांगाल. मग त्याचं लग्न झालं, आणि कुणालाच थांबवावंसं वाटेना.

सिस्टरनी पहिली घडी कापली आणि पान चौतीस मोठ्याने वाचलं. इंजिनिअर व्हरांड्यातल्या खुर्चीतच मेलेला आहे. सकाळी नोकराला सापडतो. बाकीची सगळी कादंबरी त्या नोकराची.

म्हणजे मी एका मेलेल्या माणसाचं लग्न लावलं, त्याला तुरुंगात टाकलं, दोन मुलं दिली.

आधी कोणी हसलं नाही. मग डेंटिस्ट हसले. मग सगळे. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग ती बाई?

नियम तो नियम. खुर्ची मेहुण्याला. हेडबाईंना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. डेंटिस्ट म्हणाले, अगदीच यायचं असेल तर आत पेशंटची खुर्ची आहे, दार उघडं ठेवू, पडून ऐका. मी म्हटलं, विचार करून सांगतो. माणसाला स्वाभिमान असतो.

१० मार्च, रविवार
गेलो होतो.

पेशंटची खुर्ची प्रशस्त आहे. मात्र ती सरळ होत नाही, बटण बिघडलंय, त्यामुळे आडवंच राहावं लागतं. वर मोठा दिवा, बाजूला चूळ भरायचं भांडं. त्याचा नळ गळतो, आमच्याकडचा नव्हे. बाहेरून मेहुण्याचा आवाज येत होता. तो काहीतरी पक्ष्यांवरचं वाचतोय. चांगलं बोलतो, हे मान्य करावं लागेल. पण लांबण लावतो.

परतताना मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही उत्तर का नाही दिलंत? विचारलं, कशाचं? म्हणाला, सिस्टरनी पुस्तक अर्ध्यात मिटून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, नोकराचं काही खरं वाटत नाही, मला त्या तारघरातल्या बाईचं ऐकायचंय, तिची थोरली पुढे काय शिकली? आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तुम्हाला विचारलं. तीनदा. सगळे थांबले होते. मग डॉक्टर आत डोकावून आले आणि म्हणाले, झोपू द्या.

मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो. थोरली पूल बांधायला शिकते. सगळं तयार होतं माझ्याकडे.