पाचव्या दिवशी उगवलेलं

१४ फेब्रुवारी, दुपार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. आईने तुमच्या रोपवाटिकेतून आणून दिलेलं टोमॅटोचं रोप माझ्याहून ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?

बाबा, बातमी पोटात मावत नाहीये! त्या रोपाचं एक पान मी गंमत म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीवर, जीवाणूंच्या खाद्यावर दाबून उचललं आणि बशी विसरून सुट्टीवर गेले. आठवड्याने येऊन बघते तर बशीत अख्ख्या पानाचा ठसा, शिरांसकट, गुलाबी! सगळे जिवंत जीवाणू! मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या सरांचा चहा सांडला.

हे पाहुणे पानावरच राहतात. पान वाढताना जी वाफ सोडतं ती खातात, पण फुकटे नाहीत, झाडाला वाढीचं औषध देतात. मी ते पाण्यात कालवून एका ट्रेमधल्या रोपांवर फवारले, दुसऱ्या ट्रेवर नुसतं पाणी. तीन आठवड्यांत पहिली रोपं चार बोटं पुढे! सरांनी तीनदा मोजली.

तुम्ही म्हणाल, "मग मी वेगळं काय करत होतो?" तेच तर. जोमदार झाडांची पानं बादलीत घोळवून ते पाणी रोपांवर शिंपडायचात. काखेत कळसा आणि मी गावभर फिरत होते.

इथवर भराभर लिहिलं. पुढचं दोनदा खोडलं.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही त्या पाण्याची बाटली तपासायला दिलीत. नंतर रोपं घ्यायला आलेल्या लोकांसमोर मी म्हणाले, "बाबा, यात काही नाही हो, नुसतं पाणी आहे." लोक हसले. तुम्ही बादली उपडी केलीत ती कायमची.

बाबा, तेव्हा त्या पाण्याचे थेंब टाकलेली बशी मी दोनच दिवस पाहिली होती. काही दिसेना म्हणून फेकून दिली. हे गुलाबी पाहुणे पाचव्या दिवशी उगवतात! लहानपणी पेरलेलं बी मी रोज उकरून बघायचे, तेव्हा तुम्ही मला 'उतावळी' म्हणायचात. मी तशीच राहिले. तुमचं खरं होतं. मला माफ करा.

आई सांगत होती, रविवारी शेवटचा वाफा उपटून रोपवाटिका बंद करणार आहात. उपटू नका. मला ती पानं हवीत, आणि शिकवायला तुम्ही. शनिवारी सकाळी येते. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका, फक्त बादली भरून दारात ठेवा.

या खेपेला पाच दिवस थांबणार आहे.

तुमची,
उतावळी