मधल्या निंबाचे काय करावे

लिहून ठेवणार: गं. भा. रंभाबाई भ्रतार कै. उखर्डू साळी, धंदा लुगडी विणणे, वय साठीच्या आत, राहणार शनवाऱ्याजवळ, बुऱ्हाणपूर.

आज आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, डोके ठिकाणावर असताना आणि केवळ माझ्या मर्जीने, मी हे मृत्युपत्र लिहवून घेते. मागे छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई, आता बसून राहा. बसणे मला जमत नाही, म्हणून निदान कागद तरी करावा. शेजारचे प्रभाकरभाऊ कचेरीत कागद लिहितात. त्यांना बजावले आहे की मी बोलेन तसेच लिहा, मध्ये आपली अक्कल घालू नका.

कलम १. राहते घर मुलगा श्रीकांत याला. दारापुढची दगडी पायरी त्याने काढू नये. आमच्या मालकांना दिवेलागणीला तिथे बसून गरम जिलेबी खायची हौस. म्हणायचे, "रंभा, बस ना घडीभर." मी म्हणायची, एवढा ताणा संपू द्या. तो संपला की दुसरा लागायचा. माझ्या वाटणीची जिलेबी मी मागाजवळ उभ्यानेच खाल्ली, आणि ते गेल्यावर त्या पायरीवर बसायला मला कोणी बोलावले नाही. याचे मला फार वाईट वाटते, हे इथे लिहा.

कलम २. हातमाग, धोटे आणि सगळे सामान सुपडूला. मालक गेल्यापासून तो माझ्याबरोबर विणतो आहे. विजेचे माग आले तरी त्याला कामावरून काढू नये. तो गुणगुणतो, ते चालवून घ्यावे.

कलम ३. माझे दीर दगाभाऊजी यांना काही नाही. "बाईचा माग चालंल, कारखाना नाही चालायचा," असे ते चारचौघांत बोलले होते. तरी कारखाना सुरू होईल त्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, चहा द्यावा, आणि सगळे माग एकदम सुरू करावेत.

कलम ४. घराशेजारची जागा. ही मी माझ्या कमाईने घेतली. तिथे विजेच्या मागांची शेड व्हावी आणि लुगड्यावर माझ्या घराची छाप असावी, एवढ्याचसाठी मी आजवर धावले. विजेचा अर्ज केला तेव्हा राजधानी नागपूर होती. मग ती भोपाळला गेली. अर्ज तिच्यामागे गेला की वाटेत झोपला, देव जाणे. बाबू हिंदीत म्हणायचा, "माताजी, सब्र रखिए." अहो, सब्र ठेवायला मी काय देवळातली मूर्ती आहे? आता मंजुरी आली आहे. सोमवारी माणसे कुऱ्हाडी घेऊन येतील. जागेच्या मधोमध निंब आहे तो तोडावा, आणि श्रीकांतने माझी वाट न पाहता शेड उभी करावी.

(इथे थांबावे लागले. बाहेर पोरींचा कालवा आहे. निंबाला झोके बांधले आहेत. सासरहून आलेल्या सगळ्या लेकी तिथेच आहेत. माझी कमलसुद्धा निंबोला गावाहून आली आहे.)

कलम ५. दागिने मुलगी कमल हिला. त्यात मोहनमाळ...

(पुन्हा थांबावे लागले. कमल खिडकीशी आली. प्रभाकरभाऊ, तिचे बोलणेही लिहा. लिहा म्हणते ना!)

कमल: "माय, ये ना वं. एक झोका घे फक्त."

मी: "कागद होऊ दे. पुढच्या आखाजीला घेईन."

कमल: "दर साली हेच म्हणती तू. पुढच्या आखाजीले निंब कुठं राहीन?"

मी: "शेड राहील. चांगली पक्की."

कमल: "मंग मी काय शेडीले झोका बांधू? मी येऊच कायले?"

आणि गेली. रागाने नाही गेली, हसत गेली, तेच मला सहन होईना. ही पोर वर्षभर सासरी राबते आणि या एका दिवसासाठी येते. मी तिला भाकरी वाढते, लुगडे नेसवते, आणि मागावर निघून जाते. तिच्याबरोबर झोक्यावर बसले, असे मला एकही साल आठवत नाही.

कलम ४ पुन्हा लिहा. आधीचे रद्द. प्रभाकरभाऊ, तोंड असे करू नका, कागद माझा आहे.

कलम ४ (दुरुस्त). निंब तोडू नये. शेड निंबाच्या पलीकडे, भिंतीला लागून व्हावी. माग कमी बसतील, बसू देत. छाप मात्र पडलीच पाहिजे, ते स्वप्न मी सोडलेले नाही. श्रीकांतने हिशेब दाखवून वाद घालू नये. आखाजीला सगळे माग बंद ठेवावेत. निंबाखालची जागा कमलची. तिच्यामागे, या गल्लीतली जी लेक माहेरी येईल तिची. सोमवारी येणाऱ्या माणसांना चहा पाजून परत पाठवावे. हे मी मेल्यावर करायचे नाही, येत्या सोमवारीच करायचे आहे.

कलम ५ मधले दागिने वर सांगितल्याप्रमाणे. बाकीची कलमे नंतर. मला आता जायचे आहे. सहीसाठी कागद बाहेर घेऊन या.

मुक्काम बुऱ्हाणपूर, आखाजी, वैशाख शुद्ध तृतीया, शके १८७९.

सही: रंभाबाई उखर्डू साळी

साक्षीदार १: सुपडू, विणकर. बाईनं माह्यासमोर सही केली. मी झोक्याची दोरी धरून उभा होतो.

साक्षीदार २: आशाबाई, शेजारीण. माझ्यासमोर सही झाली. रंभाबाई आधी घाबरल्या, मग दोरी सोडा म्हणाल्या.

लेखकाची नोंद: सहीचे शेवटचे अक्षर ओळ सोडून वर गेले आहे. ती खाडाखोड समजू नये. कमलने झोका दिला तेव्हा लेखणी बाईंच्या हातातच होती. प्रभाकर.