उत्साही खेचर विकणे आहे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. खेचर घेतलं! नाव पर्ल. रंग करडा, कान केवढाले. लवोनला आधी सांगितलं नव्हतं. ती अंगणात आली, पर्लकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, या दोघांतलं एकच ठेवणार आहे मी. बायको विनोदी आहे माझी.

विकणारा ड्यूई टॅकेट माझ्यासमोर उभा राहिला आणि हातवारे करून हाकणं शिकवून गेला. ‘जी’ म्हटलं की इकडे, ‘हॉ’ म्हटलं की तिकडे. जी म्हणजे डावीकडे, हॉ म्हणजे उजवीकडे. एकदा पाहिलं, पाठ झालं. टेनेसीतल्या खेड्यांतली पोरं हे म्हणे पाळण्यापासून शिकतात. मला पाच मिनिटं लागली.

बेत : ५ एप्रिलला गावची खेचर-जत्रा. मिरवणुकीत गाडी मी हाकणार, शेजारी सासूबाई. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी शहरातला, म्हणून अजून त्या मला ‘तो मेम्फिसवाला’ म्हणतात. त्या दिवशी जावईबापू म्हणतील. म्हणजे म्हणतीलच.

७ मार्च
पहिल्यांदा गाडीला जुंपली. जी म्हटलं, उजवीकडे गेली. हॉ म्हटलं, डावीकडे. प्रत्येक वेळी बरोब्बर उलट, एकदाही चूक नाही. काय डोकं आहे! हिच्यासाठी शब्द : अवखळ. मेम्फिसमध्ये उभा जन्म जाहिराती लिहिण्यात गेला माझा. वस्तूला नेमका शब्द सापडला की निम्मं काम झालं.

११ मार्च
हट्टी. डावीकडे रस्ता, उजवीकडे तळं. मी जी म्हणालो. तळ्यात गेलो. मी आणखी जोरात जी म्हणालो. तळ्यात आणखी खोल गेलो.
बूट चुलीपाशी वाळत घातलेत. लवोन शिट्टी वाजवतेय.

१६ मार्च, रविवार
द्वाड. नाठाळ. खोडसाळ.
घराकडे वळताना उजव्या हाताला लवोनचे वाटाण्याचे वाफे. मी जीव तोडून ओरडलो, जी! जी! जी! तीन वेळा ओरडलो. वाफे तीनच होते.

आता लवोन शिट्टी वाजवत नाही. म्हणाली, गावच्या पेपरात जाहिरात द्या. गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर मिरवणुकीत काय दिवे लावताय ते बघू. तिथे खेचर नीट चाललं तर राहील, नाहीतर माझ्या दारात नको. मी म्हटलं, मान्य. पुरुषासारखं म्हटलं. मग गोठ्यात गेलो. पर्लने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि दीर्घ उसासा टाकला. मला ही फार आवडते. कुणाला सांगायचं नाही.

१९ मार्च
जाहिरात छापून आली. ‘उत्साही खेचर विकणे आहे.’ काय शब्द आहे! एकच फोन. त्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, हाडं किती मोडली? इथे ‘उत्साही’ म्हणजे पाडणारं, हे सगळ्या गावाला ठाऊक. मला कुणी सांगितलं नव्हतं.

२६ मार्च
शब्द बदलला : ‘स्वतंत्र विचारांचं.’ एका बाईचा फोन. कुंपण मोडतं की उडी मारून जातं? मी पेपरवाल्याला सांगितलं, ‘चुणचुणीत’ करा. तोच म्हणाला, अहो, चावतं कुठे तेही लिहा मग. शेवटी लिहिलं, ‘अनुभवी हातांसाठी.’ एका म्हाताऱ्याने फोन केला, किंमतही विचारली नाही. एवढंच म्हणाला, देव तुमचं भलं करो, आणि ठेवून दिला.
गिऱ्हाईक नाही. फार वाईट वाटलं असं लवोनला सांगितलं. पर्लला दोन सफरचंदं दिली.

२ एप्रिल
अनावर. बेलगाम. बेबंद. उधळखोर. शब्दांचा खडखडाट झाला, पण पर्ल पुरून उरली. दोष सापडला आहे : माझा आवाज कमी पडतो. शनिवारी बेंबीच्या देठापासून ओरडणार.

५ एप्रिल, सकाळ
नवी टोपी. पर्लच्या कानाला रिबीन. सासूबाई गाडीत बसल्या, मेम्फिसवाल्याला विचारा म्हणाल्या, ब्रेक आहे का. आज इतिहास घडणार.

५ एप्रिल, संध्याकाळ
घडला.
चौकात मिरवणूक डावीकडे वळते. उजवीकडे चर्चच्या बायकांनी पाय मांडलेले, म्हणजे खायचे, फळं भरलेले. मी बेंबीच्या देठापासून जी म्हणालो. पर्ल टेबलांत शिरली. मी जी, बायका देवा रे देवा, मी पुन्हा जी. लिंबाचा एक अख्खा पाय सासूबाईंच्या मांडीवर. त्यांनी बोटाने चाटून पाहिला आणि शांतपणे विचारलं, तुम्हाला जायचंय तरी कुठे? मी म्हटलं, डावीकडे! त्या म्हणाल्या, मग जी जी काय बोंबलताय? जी म्हणजे उजवीकडे. पोर ऐकतेय तुमचं बिचारी. महिनाभर ऐकतेय.

लगाम त्यांनी घेतला. हळूच हॉ म्हणाल्या. पर्ल सुतासारखी सरळ! सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. गर्दीतून कोणी ओरडलं, हाकता येईना, म्हणे खेचर वाकडं!

शिकवताना ड्यूई माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याचा उजवा हात माझ्या डावीकडे येणार, हे त्याने तेव्हाच सांगायला नको होतं का?

६ एप्रिल, रविवार
पर्ल सासूबाईंच्या गोठ्यात गेली. तिला सांभाळायला शहाणं माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं. लवोनला पटलं. मला कुणी विचारलं नाही. दर रविवारी भेटायला जाता येईल. अट एकच, तोंड उघडायचं नाही.

आज जाऊन आलो. पर्लने हनुवटी खांद्यावर टेकली. डोळे भरून आले, कबूल. निघताना सासूबाईंना म्हटलं, हिच्यासाठी एवढे शब्द शोधले, नाठाळ, बेलगाम, अनावर, सगळे फुकट गेले. त्या म्हणाल्या, फुकट कशाला जातील जावईबापू, तुमच्याच मापाचे आहेत.

जावईबापू म्हणाल्या! एकतीस वर्षांनी! बाकीचं मला नीट ऐकू आलं नाही.