फडकं विकत आणलं, काका

प्रिय काका,

तू गेल्यापासून हे पत्र मी टाळतेय. एकदा लिहायला बसले होते, पण पेन मिळेना. पेन शोधताना कपाटात तुझा बंद पडलेला रेडिओ सापडला आणि मी तो उघडून बसले. तो अजून तसाच उघडा आहे. तुझी भिंगरी सुधारलेली नाही, एवढं कळलं ना?

आज मात्र लिहायलाच हवं. दुपारी विश्रांतवाडीहून एक गृहस्थ तुझी गाडी बघायला येणार आहेत. मी ती धुऊन ठेवलीय आणि खाली पार्किंगमध्ये उपड्या बादलीवर बसून मांडीवर वही घेऊन लिहितेय. बॉनेटवर वही ठेवलेली नाही. चरे पडतात, माहीत आहे!

आता रागावू नकोस. गाडी पुसायला मी फडकी विकत आणली. हो, चक्क विकत!

“फडकं कोणी विकत आणतं का? ते घरात तयार व्हावं लागतं,” असं तू म्हणायचास. तुझं बनियन आधी ऑफिसला जायचं, मग घरात वापरायचास, मग फक्त झोपताना. शेवटी काकू ते कात्रीने उभं फाडायची आणि तू त्या फडक्यालासुद्धा इस्त्री करायचास! घड्या घालून डिकीत ठेवायचास. काचेचं वेगळं, टपाचं वेगळं, चाकांचं सगळ्यात खाली. स्वतः रिटायर झालास, बनियनला काही होऊ दिलं नाहीस.

मग तुझी बनियनं का नाही घेतली? मागितली होती रे. काकू म्हणाली, “ती फडकी नाहीत. त्यांची बनियनं आहेत.” आणि कपाट लावून घेतलं.

म्हणून नाना पेठेत गेले. वाटेत ताडपत्रीचं दुकान दिसलं, तिथे तंबूच्या दोऱ्या बघत बसले, ते सोड. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मायक्रोफायबरचे टॉवेल म्हणजे ढीगच होता. स्वस्तातलेच घ्यायचे होते, पण स्वस्तातही किती प्रकार! मी एकेक तळहातावर ओढून बघत होते. चांगला असेल तर कोरड्या कातडीला जरा अडकतो. नुसता गुळगुळीत सरकला तर पाणी पीत नाही, फक्त इकडचं तिकडे करतो. दुकानदार कंटाळला.

“ताई, टॉवेल आहे, शालू नाही. किती वेळ बघणार?”

“शालू नवरी नेसते हो. हा गाडीला लागणार आहे.”

“मग नवरीपेक्षा गाडी बरी,” म्हणाला आणि आतला गठ्ठा काढून दिला. तू असतास तर तिथेच स्टूल ओढून बसला असतास.

घरी आणले, एकदा धुतले, गॅलरीत वाळत घातले. दुसऱ्या दिवशी बघते तर काकूने सगळ्यांना कडक इस्त्री करून, चौकोनी घड्या घालून, तुझ्या रुमालांशेजारी ठेवलेले! पार पापड झालेले रे. उष्णतेने त्यांचे बारीक तंतू वितळतात, हे तिला कसं माहीत असणार? या घरात फडक्याला इस्त्री होते, एवढंच तिला माहीत. तू नसतानाही ती करतेय. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

पुन्हा नाना पेठ. दुकानदाराने मला बघताच आतला गठ्ठा स्वतःहून पुढे ढकलला.

या वेळी शहाणपणाने घेतले. पाणी टिपायला एक जाड, लांब लवीचा. गाडीच्या अंगाला बिनशिवणीचे, कारण शिवलेली कड घासते. चाकांना सगळ्यात हलके, तेही वेगळ्या रंगाचे, म्हणजे चुकून अंगाला लागणार नाहीत. लेबलं कापून टाकली. तुझ्याच तर घड्या आहेत या, नुसत्या रंगीत.

पण एक विचारू? काळा रंग कशाला घेतलास? पुण्याच्या धुळीत, आणि तोही काळा! आज धुऊन उन्हात काढली तर टपावर, दारांवर बारीक बारीक गोल चरे दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. तुझ्या त्या सुती बनियनांचे! तू गोल गोल पुसायचास ना, तोंडाने शीळ घालत? ते सगळे गोल तिथे आहेत. बॉनेटवर मोठे, आरशापाशी हात आखडायचा तिथे छोटे.

त्या गृहस्थांना मी फोनवर चऱ्यांचं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “काही हरकत नाही. पॉलिश मारून घेऊ, एक दिसणार नाही.”

म्हणजे तुझे सगळे गोल जाणार! फोन ठेवला आणि काकूला म्हटलं, “मीच ठेवते ना गाडी.”

“तू?” ती म्हणाली. “कॉलेज अर्धं, नोकरी पाव. आज इथे, उद्या कुठल्या डोंगरावर. गाडीला रोज कोणीतरी लागतं.”

चूक काय बोलली? मांजरी गावच्या उसातल्या रस्त्यांवर तू मला क्लच शिकवलास, तेव्हा तूही हेच म्हणाला होतास. “भिंगरे, गाडी चालवणं सोपं आहे. एका जागी उभी करणं शिक.”

तर ऐक. गाडी राहिली तर मीही बिबवेवाडीतच राहीन. टॉवेल वेगळे धुईन, गार पाण्यात, इस्त्रीपासून लांब ठेवीन. आणि सरळ रेषेत पुसेन, हलक्या हाताने. तुझ्या गोलांवर माझे गोल काढणार नाही.

तुझी,
भिंगरी

ता. क. थांब, लिफ्ट उघडली. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. काकू आहे! तू गेल्यापासून पार्किंगमध्ये पाऊल न ठेवलेली आपली काकू. हातात तुझं बनियन आहे, उभं फाडलेलं, इस्त्री केलेलं. ते माझ्याकडे फेकून म्हणतेय, “चाकांना हे घे. नवीन टॉवेल कशाला घाण करतेस? आणि त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलंय. पण आता कुठे पळालीस तर गाडी नाही, तुला विकीन.”