हत्तीचा अंकुश घिवलीला नेला त्याची हकीकत

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
बोईसर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप शांतारामदादा व सौ. वहिनी यांस अर्चनाचा साष्टांग नमस्कार.

एस.टी. पार्सलने पोचलं ते असं: शेंगदाणे चार किलो, हळकुंडं अर्धा किलो, आणि आपल्या घराण्याचा अंकुश, एक नग. पार्सल सोडवायला दोनशे चाळीस, पालघर स्टँड ते बोईसर रिक्षा दोनशे. (शेअरची मिळाली असती, पण पोत्यातून बाहेर आलेलं टोक बघून शेजारी कोणी बसेना.) वहिनींची कंबर कशी आहे?

माझ्या मोनालीच्या लग्नाचा विषय काढला की तुम्ही "मासेमारांत पोरगी द्यायची?" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र. आपण कोण ते त्या लोकांना कळावं, या तुमच्या आज्ञेप्रमाणे अंकुश होणाऱ्या जावयाच्या, मेहुलच्या घरी घिवलीला नेला. आपला मूळपुरुष फिरंग्याशी लढायला चिमाजीअप्पांच्या फौजेतून हत्तीवर बसून याच किनाऱ्यावर आला, म्हणून गाव आपल्याला हत्तीवाले म्हणतं, हे सगळं मी तिथे सांगितलं. मेहुलची आजी येसूबाई सुकट निवडत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, अंकुश घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "बाय, ह्यो होडीचा नांगर हाय. तीन नख्या मोडल्यात."

मी म्हटलं, आजी, दर दसऱ्याला याची पूजा होते.

"होऊ दे की. आमी पन करतो. हत्ती नाय लागत त्याला."

मग त्यांनी पडवीतून आपला नांगर काढून शेजारी ठेवला. तोच दांडा, आणि वरची तीच कडी, जिला आपण झेंडूची माळ बांधतो आणि हत्तीची साखळी इथे अडकवायचे असं पोरांना सांगतो. (हत्ती आपल्याकडे ठेवला कुठे, हे कुणी कधी विचारलं नाही, दादा. आपल्या गोठ्यात म्हैससुद्धा वाकून शिरते.)

अपमान चहाबरोबर गिळला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, ते काही असो, आमच्या घरच्या चाली वेगळ्याच; नारळी पौर्णिमेला आम्ही विहिरीत नारळ सोडतो, गावात दुसरं कोणी सोडत नाही. येसूबाईंचा हात सुपातच थांबला. "घाटावर? हिरीत?" मग हळूच म्हणाल्या, "दर्या नाय गावला, म्हनून हिरीत. बाय, तुमी आमचेच."

नंतर मुद्दाम, चिमाजीअप्पांच्या फौजेने फिरंग्याकडून घेतलेल्या तारापूरच्या किल्ल्याशी जाऊन उभी राहिले. घाटावरची फौज, पाण्याला भिणारी. तिला खाड्या कुणी ओलांडून दिल्या असतील? असाच एखादा नावाडी फौजेबरोबर वर गेला आणि परतलाच नाही. लेकरांनी त्याला सरदार केला, नातवांनी हत्तीवर बसवलं. फिरंगी गेला, पेशवाई गेली, इंग्रज गेला, दर राजवटीत कागदावर आपण निराळेच कोणीतरी झालो. आणि आपल्या घरच्या बायका, का ते ठाऊक नसताना, विहिरीलाच समुद्र मानून वर्षानुवर्षं नारळ देत राहिल्या. त्या माउल्यांना मी तिथेच, तटाकडे तोंड करून हात जोडले. (चपला काढून. खडी फार टोचली.)

आपली धाकटी बहीण,
अर्चना

ता. क. लग्न माघात धरलं आहे. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं, आणि मोनाली म्हणते, मामा नसेल तर मी उभीच राहणार नाही.

आणखी ता. क. वर लिहिलं ते खरं असेल, नसेलही; दहावीला इतिहासात मला पस्तीसच गुण होते. होकार मी चैत्रातच दिला होता. त्याआधी मला टायफॉइड झाला तेव्हा येसूबाई अकरा दिवस घिवलीहून बसने पेज घेऊन आल्या, माझ्यासाठी घेतलेल्या नव्या भांड्यातून. यात मासळी कधी शिजली नाही, हे रोज दारातूनच सांगत. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, धीर झाला नाही. येता की नाही एवढंच लिहा, पोस्टकार्ड पुरेल, पण उलट टपाली.